कारखान्यातला चित्रकार

नवी कल्पना घेऊन थोड्या भांडवलावर उभा राहिलेला आणि झपाट्याने वाढू पाहणारा उद्योग म्हणजे स्टार्टअप. अशा उद्योगात यंत्र किंवा संगणकप्रणाली घडवणाऱ्याचे काम सर्वांना दिसते. परंतु मजकूर लिहिणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या वा जाहिरात रचणाऱ्या माणसाला आपली गरज पुन्हा पुन्हा पटवून द्यावी लागते आणि पैशाची चणचण भासू लागली की कात्री बहुधा त्याच्याच पगाराला आधी लागते.

हा पेच महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीही पाहिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याचा विश्वास ओतशाळेत ओतून काढता येत नव्हता. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच 'शंवाकि', या कारखान्यात आले ते चित्रकला शिकून. त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, तेव्हा कारखान्याच्या मालाची माहिती विक्रेत्यांपर्यंत व गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणे हा त्याचा मूळ हेतू होता. परंतु हळूहळू त्यात इतर वाचनीय मजकूर येत गेला, ते 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० मध्ये 'स्त्री', तर १९३४ मध्ये 'मनोहर' त्याच्या जोडीला आले. नांगर कधीही विकत न घेणाऱ्या घरांतही कारखान्याचे नाव आपुलकीने घेतले जाऊ लागले. लक्ष्मणराव स्वतः जे. जे. कलाशाळेत शिकलेले असल्यामुळे चित्रकाराचे मोल जाणणारा मालक शंवाकिंना लाभला, हेही विसरता कामा नये.

असा मालक प्रत्येकाला मिळत नाही. परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या, काळभैरवनाथाच्या चैत्रातील यात्रेला माणसांनी फुलून जाणाऱ्या गावातून शिकून पुण्याच्या एखाद्या शेतीविषयक स्टार्टअपमध्ये गेलेल्या लेखकाजवळ मात्र एक मोठे भांडवल असते, ते म्हणजे शेतकऱ्याची बोली. मोबाईलच्या पडद्यावरील 'सिंचन वेळापत्रक निश्चित करा' ही सूचना बदलून 'पाणी कधी द्यायचे ते ठरवा' असे लिहिणे क्षुल्लक वाटते, पण शेतकरी पुढचे बटण दाबतो की फोन खिशात ठेवतो, हे बऱ्याचदा अशाच एका ओळीवर ठरते. त्याचा परिणाम मोजताही येतो: रूपांतरण दर, म्हणजे पाहणाऱ्या शंभरांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष नोंदणी वा खरेदी केली याचे प्रमाण, आणि मदतकक्षाकडे त्याच त्या शंकेसाठी येणारे फोन, या दोन्ही गोष्टी मजकूर बदलण्याआधी व नंतर टिपता येतात. आधीची नोंदच नसेल तर वाढीचे श्रेय आपोआप प्रणाली घडवणाऱ्यांकडे जाते. म्हणून ही नोंद लेखकानेच पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि जो विश्वास तिमाहीच्या हिशेबात बसत नाही, त्यासाठी गिऱ्हाइकांचे शब्द जसेच्या तसे उतरवून मालकापुढे ठेवावेत.