तिरोडीचा दगड

तुमसर रोडला नागपूर-हावडा लोहमार्गापासून एक फाटा उत्तरेला निघतो आणि तिरोडीला जातो. भंडारा जिल्ह्यातून निघालेली गाडी बालाघाट जिल्ह्यात शिरते तेव्हा राज्य बदलतं, माणसांची बोली बदलत नाही. मराठी, पोवारी, गोंडी आणि हिंदी या एकाच बाजारात एकमेकींना समजून घेतात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. त्याआधी हा सगळा मुलूख एकाच प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. रूळ इथवर आले ते मात्र माणसांसाठी नव्हेत, दगडासाठी.

तो दगड म्हणजे मँगनीज. काळा, आकाराच्या मानाने चांगलाच जड, हातात घेतला की बोटं काळी करणारा. १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ने या प्रांतात मँगनीजचं काम मांडलं. पुढे तिचीच ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली, आणि १९६२ मध्ये खाणी आजच्या ‘मॉयल’कडे आल्या. तिरोडीची उघडी खाण त्यांपैकीच एक. १९३८ साली डन आणि रॉय या भूशास्त्रज्ञांनी इथे सापडलेल्या एका मँगनीजयुक्त खनिजाला ‘तिरोडाइट’ असं नाव दिलं. एवढ्याशा गावाचं नाव जगातल्या खनिजशास्त्राच्या पुस्तकांत गेलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९३८ हे साल लक्षात ठेवावं. त्याच साली नागपूरच्या एका डॉक्टरांनी बोट पकडली. त्यांची गोष्ट सांगण्याआधी दगडाची पुरी केली पाहिजे.

मँगनीजवाचून चांगलं पोलाद होत नाही. लोखंडाच्या रसातला प्राणवायू काढून घ्यायला आणि गंधकाचा उपद्रव मोडायला ते लागतं. एक टन साध्या पोलादामागे साधारण सहा-सात किलो. प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास नेलं, तर मार खाऊन आणखी कठीण होणारं पोलाद तयार होतं. रॉबर्ट हॅडफील्डने ते १८८२ मध्ये शोधलं, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणं त्याचीच झाली. त्या युद्धात तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली, रशियाचं मँगनीज अडकलं, आणि दोस्तराष्ट्रांच्या भट्ट्या आपल्या मध्य प्रांताकडे पाहू लागल्या. रेजांनी, म्हणजे खाणीतल्या मजूर बायांनी, डोक्यावरून वाहिलेला दगड तोफांपर्यंत गेला, शिरस्त्राणांपर्यंतही गेला. ढिगात पडलेल्या दगडाला गाव उरत नाही.

माझा प्रश्न याच जागेवर उभा राहतो. ज्या मजुराच्या श्रमातून शत्रूचं पोलाद होतं, त्याचं घर बॉम्बचं लक्ष्य होऊ शकतं का?

तिसाच्या दशकात हिंदुस्थानी मँगनीजच्या गिऱ्हाइकांत जपानही होता. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादलं. शांघाय, नानकिंग, कँटन या शहरांच्या वस्त्यांवर विमानांतून बॉम्ब पडू लागले. चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, आणि सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना काँग्रेसने लोकवर्गणी काढून पाच डॉक्टरांचं पथक उभं केलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे, व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने ते नाव घरोघरी नेलं. नागपूरचे डॉ. चोळकर मात्र आपण विसरलो. पाच जणांत ते वयाने सर्वांत मोठे होते. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट निघाली, त्याच महिन्यात पथक कँटनला उतरलं. उन्हाळ्यात त्या शहराने विमानहल्ल्यांचा मारा सोसला होता, आणि महिनाभरातच ते जपान्यांच्या हाती जायचं होतं. ज्या प्रांताचा दगड जपानला विकला जात होता, त्याच प्रांताचा डॉक्टर जपानी बॉम्बने फाटलेली शरीरं शिवायला गेला होता. हा विरोधाभास मला अस्वस्थ करतो. दगड विकण्याचा निर्णय ना चोळकरांचा होता, ना टोपली उचलणाऱ्या बाईचा.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या सभेने एकमताने ठराव केला. नागरी लोकसंख्येवर जाणूनबुजून बॉम्ब टाकणं बेकायदा आहे. आकाशातून साधायचं लक्ष्य लष्करी आणि ओळखू येणारं असलं पाहिजे. आणि हल्ल्यात हयगय होऊन शेजारची वस्ती मारली जाता कामा नये. तीन कलमांत सगळं आलं होतं. नव्वद वर्षं होत आली, यात भर घालावी असं फारसं काही सुचत नाही. ठराव पाळणारं कोणी नव्हतं, हेही खरं.

पाळणार तरी कसं? याच राष्ट्रसंघाच्या नि:शस्त्रीकरण परिषदेत हवाई बॉम्बफेकीवर बंदी घालण्याची चर्चा झाली, तेव्हा दूरच्या मुलखांत ‘पोलिसी कामासाठी’ विमानं वापरण्याचा हक्क ब्रिटनने स्वतःपाशी राखायला सांगितला होता. दूरचा मुलूख म्हणजे आपला वायव्य सरहद्द प्रांत. तिथल्या पठाण खेड्यांवर आधी पत्रकं टाकायची आणि मुदत संपली की बॉम्ब. १४ एप्रिल १९१९ ला, जालियनवाला बागेच्या दुसऱ्या दिवशी, गुजरानवाला शहर आणि आसपासच्या खेड्यांवर विमानांतून बॉम्ब टाकले गेले, मशीनगन चालवली गेली. खालसा शाळेचं वसतिगृहही त्यातून सुटलं नाही. ही माहिती आपल्या शालेय इतिहासात सहसा येत नाही. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजींबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, आणि त्या समितीने पंजाबच्या साक्षी गावोगाव फिरून नोंदवल्या. पुढे ब्रिटिश बॉम्बर दलाचा प्रमुख झालेला आर्थर हॅरिस १९२१ च्या सुमारास याच सरहद्दीवर होता. हॅम्बुर्गवर आग ओतण्याआधी त्याने आपल्या उपखंडात नोकरी केली होती.

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटनची अडचण खोटी नव्हती. १९४० च्या उन्हाळ्यानंतर जर्मनीवर वार करायला त्यांच्याकडे विमानांखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. पण ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांच्याच बट अहवालाने दाखवून दिलं, की लक्ष्यावर हल्ला केल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी तिसरा हिस्साच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होता. यावर दोन मार्ग होते: नेम सुधारणं, किंवा लक्ष्य मोठं करणं. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने दुसरा मार्ग पत्करला. शत्रूच्या नागरिकांचं, त्यातही औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य हे मुख्य लक्ष्य ठरलं. नेम गोदीवर नको, दाट वस्तीवर धरा, असा त्याचा खुलासाही झाला. मार्चअखेर विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी चर्चिलना टिपण दिलं, त्यात कामगारांची घरं पाडून त्यांना बेघर करण्याचा हिशेब होता. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गच्या कामगार वस्त्यांत आगीचं वादळ उठलं आणि ३५ ते ४० हजार माणसं गेली.

कामगार लढ्याला हातभार लावतो, म्हणून तो सैनिकच, असा त्यामागचा युक्तिवाद होता. मार्च १९४५ मध्ये टोकियो जाळताना तोच थोडा पुढे गेला: घराघरांत सुटे भाग बनतात, म्हणून घर हाच कारखाना. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली.

आता हा युक्तिवाद तुमसर-तिरोडीच्या रुळांवर ठेवून पाहा. १९२७ ते १९३३ या काळात बंगाल-नागपूर रेल्वेने विशाखापट्टणमचं आतलं बंदर बांधलं, ते मुख्यतः मध्य प्रांताचं मँगनीज बाहेर पाठवण्यासाठी. ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी त्याच विशाखापट्टणमवर आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. भीतीने लोक शहर सोडून गेले. बंदराचा धक्का, जहाज, तेलाची टाकी हे युद्धातलं लक्ष्य आहे, असं जपानी वैमानिक म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालता येत नाही. पण चेरवेलचा हिशेब त्याच्या हाती दिला तर? मग धक्क्यावरचा हमाल लक्ष्य. रायपूरमार्गे वाघिणी आणणारा फायरमन लक्ष्य. तिरोडीच्या मजूर लाइनीतल्या, दिवसभर दगड फोडून रात्री चूल पेटवणाऱ्या रेजाची झोपडीही लक्ष्यच. तिच्या मनोधैर्यावरच तर पोलाद उभं होतं! या पट्ट्यात घरोघरी विड्या वळल्या जातात. तिथे टोकियोचा न्याय लावला, तर विडी वळणारं घरही उद्या कुणाच्या नकाशावर कारखाना म्हणून येईल. हॅम्बुर्गच्या गोदी कामगाराला जो न्याय आपण मान्य करतो, तो तिरोडीला नाकारता येत नाही. मी तो दोघांसाठी नाकारतो.

हिटलरला थोपवायला हे करणं भाग होतं, असं म्हणणारे माझ्या मित्रांतही आहेत. त्यांना युद्धानंतरच्या पाहणीतली एक गोष्ट दाखवावीशी वाटते. शहरं जळत असताना जर्मनीचं शस्त्रोत्पादन १९४४ च्या मध्यापर्यंत वाढतच होतं. पण मी या आकड्यावर टेकणार नाही. उत्पादन घटलं असतं, तरी झोपलेल्या मुलांना जाळणं योग्य ठरलं नसतं. ९ फेब्रुवारी १९४४ ला बिशप जॉर्ज बेल हेच उमरावांच्या सभागृहात उठून बोलले. नाझींचा खरा विरोधक, आणि तरीही आपल्याच सरकारला प्रश्न विचारणारा. असा माणूस युद्धाच्या ऐन मध्यात उभा राहिला, याचं मोल मला फार वाटतं.

आपल्यालाही असा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय कॅनबेरा विमानांनी गोव्यातल्या दाभोळीची धावपट्टी फोडली, तेव्हा विमानतळाची इमारत वाचवावी अशी सूचना होती आणि ती वाचली. सैन्य बंधन पाळू शकतं, याचा तो आपल्या घरचा पुरावा. सव्वाचार वर्षांनी, ५ मार्च १९६६ ला, मिझो बंडखोरांना हुसकावताना आपल्याच वायुसेनेने आपल्याच ऐजॉल शहरावर बॉम्ब टाकले. बाजारपेठ जळाली, माणसं डोंगरात पळाली. इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. बंड खरं होतं, सरकारी खजिना आणि ठाणी धोक्यात होती. तरीही ऐजॉलची वस्ती हे रास्त लक्ष्य नव्हतं, आणि विमानं फक्त माणसं व रसद उतरवण्यासाठी गेली होती असं तेव्हा सांगण्यात आलं, ते खरं नव्हतं. यशवंतरावांविषयी मराठी माणसाला वाटणारा आदर मलाही आहे. तो आदर हे वाक्य लिहिण्याच्या आड येऊ नये.

१९७७ मध्ये जिनिव्हा करारांना पहिला पूरक करार जोडला गेला. राष्ट्रसंघाची ती तीन कलमं त्यात कायद्याच्या भाषेत आली: शहरात विखुरलेली लक्ष्यं एकच समजून सरसकट बॉम्बफेक करायला बंदी, सूड म्हणून नागरिकांवर हल्ला करायला बंदी, आणि हल्ल्याआधी खबरदारी घेण्याचं बंधन. त्या हिशेबाने कारखाना लक्ष्य होऊ शकतो, त्यात राबणारा कामगार मात्र नागरिकच राहतो. कागदावर लिहिलं म्हणून बॉम्ब थांबत नाहीत, हे युक्रेनमधल्या मारिउपोलने दाखवलं. तिथल्या नाट्यगृहाबाहेर जमिनीवर मोठ्या अक्षरांत ‘मुलं’ असं लिहिलेलं होतं, आणि १६ मार्च २०२२ ला ते नाट्यगृह पाडलं गेलं. गाझातल्या वस्त्यांचे ढिगारे आपण रोज पाहिले. मग कायदा कशाला? निदान तो मोडणाऱ्याला गुन्हेगार म्हणता यावं म्हणून. गुजरानवाल्याच्या वेळी तेवढंही हाताशी नव्हतं.

भारताने जिनिव्हा करार १९५० मध्ये मान्य केले, १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७७ चा हा पूरक करार मात्र आपण आजवर स्वीकारलेला नाही. ज्या देशाच्या गावांवर परक्या सरकारने बॉम्ब टाकले, ज्याने डॉ. चोळकर आणि डॉ. कोटणीस यांना कँटनला धाडलं, त्याचं नाव त्या यादीत असायला हवं. बालाघाट आणि भंडारा-गोंदिया या तिन्ही जिल्ह्यांतून लोकसभेवर जाणाऱ्या खासदारांनी संसदेत हा प्रश्न विचारावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.