जवाची शोचू आणि गरम पाण्याची जोड

जपानी दारू म्हटले की साकेचे नाव आधी आठवते. क्यूशू बेटावर मात्र रात्रीच्या जेवणासोबत बहुधा शोचू असते. साके तांदूळ आंबवून गाळतात. शोचू आंबवल्यावर भट्टीतून काढतात. ती रताळ्याची होते, तांदळाची होते आणि जवाचीही. जवाची शोचू, म्हणजे जपानीत ‘मुगी शोचू’, नवख्याला सर्वांत लवकर आवडावी अशी आहे.

तिचे माहेर इकी. क्यूशू आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्रातले, नागासाकी प्रांतातले हे लहानसे बेट. पूर्वी इथला तांदूळ करापोटी जाई, शेतकऱ्याच्या घरात जव उरे आणि त्याचीच दारू निघे. आजही इकीच्या शोचूत एक भाग तांदळाची कोजी (बुरशी वाढवलेला तांदूळ) आणि दोन भाग जव हे प्रमाण पाळले जाते. १९९५ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

माल्ट व्हिस्कीसुद्धा जवाचीच, मग चव इतकी निराळी का? व्हिस्कीसाठी जवाला मोड आणतात आणि त्या मोडांतली विकरे पिष्टाची साखर करतात. शोचूत हे काम कोजी नावाची बुरशी करते. तांदूळ किंवा जव घासून वाफवायचा, त्यावर कोजीचे बीजाणू भुरभुरायचे आणि उबदार खोलीत सुमारे दोन दिवस जपायचे. शोचूची कोजी बहुधा पांढऱ्या किंवा काळ्या जातीची असते आणि ती लिंबात असते तेच सायट्रिक आम्ल भरपूर तयार करते. क्यूशूच्या दमट, उष्ण हवेत आंबवण नासत नाही ते या आम्लामुळे. शिवाय ते वाफेबरोबर वर चढत नाही, भट्टीतच राहते. म्हणून पेल्यात आंबटपणा उतरत नाही. इतकी चोख युक्ती दुसऱ्या कुठल्या दारूत क्वचितच सापडेल! पांढरी कोजी १९२४ मध्ये संशोधक कावाची गेन्इचिरो यांनी काळ्या कोजीतून वेगळी काढली.

पुढचे वळण क्यूशूच्याच ओइता प्रांतात आले. तिथल्या कारखान्यांनी १९७० च्या दशकात तांदूळ पूर्ण वगळून कोजीही जवाचीच केली. त्याच काळात हवेचा दाब कमी करून ऊर्ध्वपातन करण्याची पद्धत रुळली. दाब कमी असला की आंबवण ४०-५० अंशांनाच उकळते, करपट वास येत नाही आणि दारू हलकी, स्वच्छ उतरते. १९७९ मध्ये आलेली ‘ईचिको’ याच घडणीची. तिने जवाची शोचू देशभर नेली. नेहमीच्या दाबावर काढलेली शोचू याउलट भाजलेल्या धान्याचा खमंग वास राखते. ज्याला धान्य चाखायचे आहे त्याने हीच निवडावी.

आता पिण्याविषयी. शोचू साधारण २५ टक्के मद्यार्काची असते आणि ती एका घोटात संपवायची नसते. सहा भाग शोचूला चार भाग पाणी घातले की ती १५ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास साकेच्या पातळीवर येते आणि जेवणभर पुरते. थंडीत ‘ओयुवारी’: पेल्यात आधी सुमारे ७० अंशांचे पाणी, मग त्यावर शोचू. या क्रमाने दोन्ही आपोआप मिसळतात आणि जवाचा गंध वर येतो. पाणी उकळते असेल तर मद्यार्काचा तिखट वास नाकात भरतो. उन्हाळ्यात बर्फ किंवा सोडा चालतो. काही घरांत शोचू आणि पाणी आदल्या दिवशीच एकत्र करून ठेवतात. अशाने ती जास्त मऊ लागते. सोबतीला तळलेले चिकन किंवा मासा असावा. ओइतात ‘तोरितेन’, म्हणजे पिठात घोळवून तळलेले चिकन, प्रसिद्ध आहे आणि हलकी शोचू त्याचा तेलकटपणा धुऊन काढते.

बाटली घेताना ‘होनकाकू शोचू’ हे शब्द पाहावेत. ती एकदाच ऊर्ध्वपातित केलेली, धान्याची चव राखणारी असते. सतत ऊर्ध्वपातनाने काढलेली स्वस्त शोचू जवळजवळ बिनचवीची, फळांच्या रसात मिसळण्यापुरती. पहिली बाटली इकीची घ्यावी आणि पहिला पेला बर्फाऐवजी गरम पाण्यातच घ्यावा.