भोपाळचा तलाव पायी पाहताना

आम्हा पांढुर्णा-सौंसरकडील मंडळींना भोपाळ हे नाव फार परिचयाचे आहे. शहर मात्र नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आमची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि आमचे कागद भोपाळच्या वाटेने जाऊ लागले. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी मोठ्या कामाचे कागद अजून तिकडेच जातात. कागदामागून माणूस जातो. रात्री गाडीत बसतो, सकाळी कचेरीच्या दारात उभा राहतो, सायंकाळी स्टेशन गाठतो. मीही अनेक वर्षे असाच गेलो. गेल्या हिवाळ्यात मात्र काहीही काम नसताना, एकट्याने, तीन दिवस तेथे राहिलो आणि केवळ मोठ्या तलावाच्या काठाने पायी हिंडलो.

एकट्याने का, असे घरच्यांनीही विचारले. सोबत कोणी असले की बोलणे बदली, बढती आणि निवृत्तिवेतन यांवर येते, आणि पाय आपोआप लवकर उचलले जातात. एकट्या माणसाला थांबण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

गाडीही मुद्दाम दिवसाची धरली. आमच्या जाम नदीचे पाणी शेवटी गोदावरीला मिळते. मुलताई आली की तापीचा उगम. बैतुलापुढे मरामझिरी-धाराखोहचा घाट उतरला की सातपुडा मागे पडतो. इटारसीनंतर नर्मदा, आणि पुढे विंध्य चढून गेल्यावर जे पाणी भेटते ते बेतवेच्या वाटेने यमुनेला आणि गंगेला जाणारे. भूगोलाच्या तासाला नकाशावर काठी फिरवून मी जे वर्षानुवर्षे सांगत आलो, ते खिडकीतून एकाच दिवसात पाहिले.

पहिल्या सकाळी पोहे आणि जिलबी खाऊन निघालो. (तिकडे पोह्यांवर शेव घालतात, तर्री नाही, आणि चहात मीठ घालण्याचीही एक चाल आहे. दोन्हींची सवय दुसऱ्या दिवशी होते.) कमला पार्क नावाच्या बागेत बाकावर बसलो. एका हाताला मोठा तलाव, दुसऱ्या हाताला छोटा. अर्धा तास बसल्यावर ध्यानात आले की दोन्ही पाणी एका पातळीत नाही. छोट्या तलावाचे पाणी बरेच खाली आहे. मग कोडे सुटले. मी ज्या बागेत बसलो होतो ती बाग नव्हेच, तो बांध होता! अकराव्या शतकात परमार राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घातला आणि हा तलाव झाला, अशी परंपरा आहे. तोच बांध आज झाडे, हिरवळ आणि फिरायला आलेली मुले अंगावर घेऊन उभा आहे. खालचा तलाव १७९४ सालचा. वरच्या तलावातून झिरपणारे पाणी त्याला मिळते. मोटारीतून या बांधावरून मी पूर्वी किती वेळा गेलो असेन, पण तो बांध आहे हे कधी कळले नव्हते.

जवळच कुदसिया बेगमेने १८२० साली बांधलेला गौहर महाल पाण्याकडे तोंड करून उभा आहे. १८१९ पासून १९२६ पर्यंत चार बेगमांनी हे संस्थान चालवले. आणि मराठी माणसाने येथे एक गोष्ट आठवावी : १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळात कोंडले, आणि जानेवारी १७३८ मध्ये जवळच्या दोराहा सराईत तह झाला. हा धडा मी वर्गात शिकवतो, पण तलाव पाहिल्यावर तो मला स्वतःलाच नव्याने समजला.

दुसऱ्या दिवशी श्यामला टेकडीवरील भारत भवनात गेलो. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू १९८२ साली उघडली. रस्त्यावरून ती जवळजवळ दिसतच नाही. एकेक गच्ची उतरत पाण्याकडे जाते. तेथे चित्रे थोडी पाहिली, पायऱ्यांवर बसणे अधिक झाले.

तिसरा दिवस वनविहाराचा. काठाला लागून गेलेल्या रस्त्याने सावकाश चालत, पाणपक्षी पाहत, मी भदभद्याला पोहोचलो. तलावाचे जादा पाणी जाण्याची वाट ही. आमच्याकडे संत्र्याच्या बागांसाठी बंधारे घालणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही, की मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले तर बांध उरत नाही; सांडवा दूर, पक्क्या जागी काढावा लागतो. येथे १९६५ साली अकरा दारांचे धरण झाले आणि साठा वाढला. हिवाळ्यात दारे बंद होती. त्या कोरड्या दगडांपाशी उभे राहिल्यावर कमला पार्कच्या बाकावरील कोड्याचे दुसरे टोक हाती आले.

तलावाला २००२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. पण शहराच्या मोठ्या भागाचे पिण्याचे पाणी आजही येथूनच येते, आणि त्याच पाण्यात शहराचे सांडपाणीही येऊन मिळते. काठावरची घरे पाण्याकडे सरकत आहेत. मोटारीतून पाणी तेवढे दिसते, नाल्याचे तोंड पायी चालणाऱ्यालाच दिसते. अपुऱ्या पावसानंतर २००९ साली तलाव इतका आटला की लोकांनी श्रमदानाने गाळ उपसला. तलावात तकिया नावाचा टापू आहे, त्यावर दर्गा आहे. तिसऱ्या दिवशी सायंकाळी बांधावर परत येऊन मी त्याकडे पाहत बसलो. त्याच्या चहूकडे पाणी होते आणि नावाडी होड्या काठाला बांधत होते. गाडीला अजून दोन तास होते.