पेटी मेलेली नसते : फायरवॉल बसवताना अडणारं बूटिंग

छोट्या संगणकावर फायरवॉल बसवायला घेतली की पुष्कळदा पहिल्याच पायरीवर गाडी अडते. ती का अडते, ते आज बघू.

उदाहरण आमचंच सांगतो. पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा एपीयू२ बोर्ड घेतला. एका वाचनालयासाठी त्यावर ओपीएनसेन्स बसवायचं होतं. या बोर्डाला मॉनिटर जोडायची सोयच नाही. जे काही दिसतं ते सिरियल पोर्टवर. केबल जोडली, बायोसच्या ओळी आल्या आणि मग सगळं शांत. दोन दिवस खटपट करून आम्ही ‘बोर्ड गेला’ असं ठरवलं, परत पाठवायला खोक्यातही भरला. तोवर वाचनालय फायरवॉलविनाच चाललं होतं.

बोर्ड ठणठणीत होता. आम्ही पेनड्राइव्हवर व्हीजीए इमेज लिहिली होती. यंत्र चालू होतं, पण बोलत होतं नसलेल्या पडद्याशी! सिरियल इमेज लिहिली आणि काम झालं.

म्हणून पहिला प्रश्न हा नाही की ‘चालत का नाही?’ प्रश्न हा, की ‘कुठवर पोचलं?’ आधी बायोस, मग लोडर, मग कर्नल, शेवटी मूळ फाइल सिस्टिम, असा हा क्रम असतो.

पहिल्यापासून काहीच दिसत नसेल तर केबल तपासा. नल मोडेम केबल लागते. अक्षरांऐवजी कचरा दिसत असेल तर वेग चुकलाय. एपीयू२ला ११५२०० लागतो, त्याआधीच्या अ‍ॅलिक्स बोर्डाचा बायोस ३८४०० वर बोलायचा.

बायोसला पेनड्राइव्ह दिसतो पण त्यावरून बूट होत नाही? मग इमेज बघा. उतरवलेली फाइल बीझेड२ प्रकारात दाबलेली असते. ती न उलगडता तशीच लिहिली तर बूट कसं होणार? शा-२५६ बेरीजही जुळवून घ्या. मॉनिटर लागणाऱ्या मिनी पीसीवर सिक्युअर बूट बंद करा.

आता सगळ्यात फसवा प्रकार. कर्नल सुरू होतो, ओळी धावतात आणि ‘माउंटरूट’ या शब्दापाशी थांबतात, सोबत एरर १९. म्हणजे ज्या डिस्कवरून पुढे जायचं ती कर्नलला सापडली नाही. तिथे प्रश्नचिन्ह टाइप करा, दिसणाऱ्या डिस्कची यादी मिळते. बऱ्याचदा पेनड्राइव्ह जागा व्हायला उशीर लावतो, इतकंच. अशा वेळी लोडरमध्ये ‘कर्न डॉट कॅम डॉट बूट अंडरस्कोर डिले’ याची किंमत १०००० ठेवा. हे मिलिसेकंद आहेत, म्हणजे दहा सेकंद थांबणं.

एक सवय मात्र लावून घेऊ या : पडद्यावरची शेवटची ओळ जशीच्या तशी लिहून ठेवायची. आम्ही ती लिहिली असती, तर ते खोकं भरावंच लागलं नसतं.