साच्यातून नळीपर्यंत : शिशाच्या ओतीव गोळीचा परिचय

हरणाच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलीकरिता शिसे वितळवून स्वतःच्या हाताने गोळी ओतणे, तिला वंगण लावणे, काडतुसातील दारूचे प्रमाण बेताबेताने बदलत जाणे आणि प्रत्येक बदलानंतर त्याच बंदुकीतून नेम धरून परिणाम तपासणे, हा उद्योग आज मुख्यत्वे अमेरिकेत कायदेशीर छंद म्हणून टिकून आहे. नाशिकसह साऱ्या महाराष्ट्रात तो बंद आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध आणले, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील हौशी शिकारीचा उरलासुरला मार्गही बंद केला, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतूस तयार करणे हा गुन्हा ठरतो. तथापि या कसबाची शास्त्रीय मांडणी ज्यांनी प्रथम केली त्यांपैकी एक महत्त्वाचा ग्रंथकार खानदेशाला लागून असलेल्या निमाड भागातच अधिकारी होता, आणि गोळी, नळी व दारू यांच्या परस्परमेळाचे जे शास्त्र त्याने हरणांच्या व गव्यांच्या मागे हिंडताना मांडले, त्याच शास्त्राचे शिक्षण नाशिकजवळच्या देवळालीत आज वेगळ्या प्रमाणावर दिले जाते. ओतीव गोळीचा इतिहास म्हणूनच या भागाला परका नाही.

ठासणीची बंदूक, म्हणजे जिच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून गजाने ठासावी लागते ती बंदूक, हे या इतिहासाचे पहिले पान होय. तोड्याच्या बंदुकीत जळत्या वातीने कानातील रंजक पेटत असे, पुढे चकमक आली आणि एकोणिसाव्या शतकात स्फोटक द्रव्य भरलेली तांब्याची टोपी आली. परंतु या तिन्ही अवस्थांत गोळी मात्र शिशाचीच राहिली. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या कोळशाच्या शेगडीवरही ते पातळ करता येते. शिवाय ते जड असल्यामुळे छोट्या आकारात पुष्कळ वजन मावते, आणि मऊ असल्यामुळे नळीचे लोखंड फारसे झिजवत नाही. बंदुकीची मापे ठरली तीसुद्धा शिशावरून. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या ओतल्या तर त्यांपैकी एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती ‘बारा बोअर’, आणि म्हणून बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरच्या गोळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर आणि वजन सुमारे ३८ ग्रॅम भरते. शेताच्या राखणीसाठी परवान्यावर बंदूक बाळगणारे शेतकरीही हे माप उच्चारतात, तेव्हा ते साच्याच्या काळातील हिशेबच बोलत असतात.

गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी पन्नास-साठ पावलांपलीकडे कुठे जाईल याची खात्री नसे. रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खाचा कोरलेल्या असतात, त्यांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि फिरणारी गोळी आपला अक्ष धरून सरळ जाते. परंतु येथेच ओतीव गोळीची मूळ अडचण उभी राहते. दारूचा बार जोराचा असेल तर मऊ शिसे खाचांच्या पिळाप्रमाणे फिरण्याऐवजी खाचा ओलांडून सरळ घसरत पुढे निघते. मग फिरकी मिळत नाही, नळीत शिशाचा थर बसतो आणि पुढचा प्रत्येक बार अधिक बिघडतो. या अडचणीचा सर्वांत खोल विचार कॅप्टन जेम्स फोर्सिथ (१८३८–१८७१) याने केला. बंगाल स्टाफ कोअरमधील हा अधिकारी मध्य प्रांतात जंगल व जमाबंदीच्या कामावर होता, १८६२ साली तो पचमढीच्या पठारावर पोहोचला आणि पुढे निमाडच्या जमाबंदीचे काम त्याच्याकडे आले. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि वाचकांना तोच अधिक ठाऊक आहे. पण त्याआधी शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर त्याने लिहिलेले स्वतंत्र पुस्तक या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

फोर्सिथच्या युक्तिवादाचा गाभा असा की घनदाट जंगलात सांबर किंवा गवा बहुधा शंभर-दीडशे यार्डांच्या आतच दिसतो, आणि तेवढ्या अंतरात अंदाज चुकला तरी नेम चुकू नये म्हणून गोळीचा मार्ग शक्य तितका सपाट असला पाहिजे. मार्ग सपाट हवा तर वेग हवा, वेग हवा तर दारू जास्त हवी, आणि जास्त दारूने गोळी खाचा सोडू नये असे वाटत असेल तर खाचांचा पीळच अतिशय मंद केला पाहिजे. गोल गोळीला स्थिर राहण्यास फार फिरकी लागतच नाही, हे त्याने ओळखले होते. त्याने पुरस्कारलेल्या चौदा बोअरच्या रायफलीत खाचांचा एक पूर्ण फेरा होण्यास आठ फुटांहून अधिक लांबी लागेल इतका पीळ मंद होता, म्हणजे तीन फुटांपेक्षाही कमी लांबीच्या नळीत गोळी अर्धा फेराही पुरा करत नसे. गोळीभोवती वंगण लावलेल्या कापडाची चिंधी असे, खाचांत ती चिंधीच रुतत असे आणि शिसे धातूला प्रत्यक्ष भिडतच नसे. लांबट गोळी लांब अंतरावर श्रेष्ठ, पण जवळच्या अंतरावर रुंद गोल गोळीची जखम अधिक तातडीने जनावर खाली आणते, असे त्याचे मत होते. पुढे तंत्र बदलले तेव्हा त्याची रायफल मागे पडली. त्याची विचारपद्धती मात्र मागे पडली नाही: अंतर, जनावर आणि जंगल आधी ठरवावे, त्यावरून गोळी ठरवावी आणि गोळीवरून नळी व दारू. आजचा अमेरिकी छांदिष्टही याच क्रमाने जातो. गोळीच्या बळापेक्षा तिच्या मेळाला महत्त्व देणारा हा क्रम या कसबातील सर्वांत शहाणा शोध मानावा लागेल.

लांबट गोळीच्या बाबतीत १८४९ साली फ्रान्समध्ये मिनिए याने दिलेला उपाय वेगळा होता. गोळीचे बूड आतून पोकळ ठेवायचे, म्हणजे दारूच्या वायूचा दाब त्या पोकळीत शिरून बूड फुलते आणि खाचा आपोआप भरतात. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर होती, आणि तिच्या काडतुसाला लावायच्या चरबीवरून १८५७ मध्ये जो भडका उडाला तो सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचे तांत्रिक कारण क्वचितच सांगितले जाते: शिशाची गोळी वंगणाविना खाचांतून गेली तर नळी शिशाने माखते, म्हणून वंगण टाळता येण्याजोगे नव्हते. ते कशाचे असावे हाच प्रश्न होता, आणि मधमाश्यांचे मेण हे त्याचे फार जुने व आजही वापरात असलेले उत्तर आहे.

गोळीचा कठीणपणा हा या कसबातील पुढचा विषय. शुद्ध शिशाचा कठीणपणा ब्रिनेल मापावर, म्हणजे पोलादी गोळा दाबून पडणाऱ्या खळग्यावरून काढलेल्या मापावर, सुमारे पाच भरतो. त्यात कथील मिसळले की धातू साच्यात नीट पसरतो, कडा स्वच्छ उमटतात, आणि अँटिमनी मिसळली की कठीणपणा वाढतो. नव्वद भाग शिसे, पाच भाग कथील आणि पाच भाग अँटिमनी अशा मिश्रणाचा कठीणपणा सुमारे पंधरा येतो. छापखान्याच्या लायनोटाइप यंत्रातील धातूत शिसे ८४, अँटिमनी १२ आणि कथील ४ भाग असते आणि त्याचा कठीणपणा बाविसाच्या आसपास जातो. मराठी छापखान्यांत जुळारी जे खिळे जुळवत असत तेही याच कुळातील मिश्रधातूचे. अक्षराच्या बारीक कडा ज्या गुणामुळे शाबूत उमटतात तोच गुण गोळी ओतणाऱ्यालाही हवा असतो, आणि अमेरिकेत खिळ्यांची छपाई संपल्यावर छापखान्यांचे पुष्कळ धातू गोळ्यांच्या साच्यांत गेले. एकोणिसाव्या शतकातील काही शिकारी, विशेषतः सिंहलद्वीपात हत्तींची शिकार करणारा सॅम्युएल बेकर, शिसे कठीण करण्यासाठी पारा मिसळत असत. पाऱ्याची वाफ विषारी असल्यामुळे ती रीत नाहीशी झाली हे योग्यच झाले.

ओतकाम दिसायला सोपे असले तरी त्यात लक्ष लागते. मुशीतील धातूवर तरंगणारी मळी काढावी लागते, साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात आणि फार तापला तर पृष्ठभाग हिमासारखा खरबरीत होतो. वरच्या छिद्रापाशी उरलेला धातू कापताना घाई झाली तर बुडाला खड्डा पडतो. या बुडाचे महत्त्व फ्रँकलिन मान या अमेरिकी संशोधकाने १९०९ च्या ग्रंथात दाखवून दिले. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू तिच्या बुडाभोवतून निसटतो, आणि बूड एका बाजूला जरी किंचित वेडेवाकडे असेल तरी वायू असमान निसटून गोळीला बाजूला ढकलतो. टोकाला आलेला बारीक दोष त्या मानाने क्षम्य असतो. म्हणून जाणकार माणूस गोळी उलटी धरून आधी बूड पाहतो, आणि मग प्रत्येक गोळी तराजूत घालून हलकी निघालेली, म्हणजे आत हवेची पोकळी राहिलेली, गोळी परत मुशीत टाकतो. अधिक वेगाच्या बारासाठी बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात, तिला ‘गॅस चेक’ म्हणतात. ती वायूला अडवते आणि खाचांना घट्ट धरते. गोळीचा व्यास नळीच्या खाचांच्या तळापर्यंतच्या व्यासापेक्षा एक-दोन सहस्रांश इंच अधिक ठेवतात, कारण सैल गोळीच्या कडेने तप्त वायू निसटला की शिसे वितळून नळीला चिकटते. गोळी किती कठीण आहे यापेक्षा ती नळीत किती नेमकी बसते हे अधिक मोलाचे, असा या सर्व अनुभवाचा कौल आहे.

दारूचे प्रमाण ठरवणे हे सर्वांत धीराचे काम होय. प्रसिद्ध कोष्टकांतील किमान प्रमाणापासून सुरुवात करून थोडे थोडे वाढवत जावे, प्रत्येक पायरीवर ठरावीक बार झाडून लक्ष्यावरील छिद्रांचा घोळका मोजावा, आणि घोळका सर्वांत आवळलेला जिथे मिळेल तिथेच थांबावे, अशी रीत आहे; सर्वाधिक वेग मिळतो तिथे घोळका सहसा आवळलेला नसतो. सोरा, कोळसा व गंधक यांच्या काळ्या दारूत चुकीला थोडी जागा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या धूरविरहित दारूत ती उरली नाही, आणि भारताच्या उन्हाने आणखी एक प्रश्न निर्माण केला. कॉर्डाइट ही ब्रिटिश दारू तापली की अधिक वेगाने जळते व नळीतील दाब वाढतो, म्हणून ब्रिटिश कारखाने उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे विकत. १८६९ साली स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना सरकारी काडतुसे बनवत असे, आणि स्वातंत्र्यानंतर परवानाधारकांच्या .३१५ रायफलीच्या काडतुसांवर त्याचाच ‘केएफ’ ठसा दिसे. या कारखानी काडतुसांनी घरच्या साच्याची गरजच संपवली.

गोळी, नळी व दारू यांच्या मेळाचा हाच प्रश्न तोफखान्यापुढेही असतो. १९२३ साली काकूल येथे सुरू झालेले आणि १९४१ मध्ये देवळालीला आलेले स्कूल ऑफ आर्टिलरी हे भारतीय तोफखान्याचे प्रमुख शिक्षणकेंद्र आहे. १५५ मिलिमीटर तोफेच्या चाळीस किलोंहून जड गोळ्याला बुडाजवळ तांब्याच्या धातूचा पट्टा असतो, तो खाचांत रुततो, वायू अडवतो आणि गोळ्याला फिरकी देतो. गॅस चेकचे काम तोच करतो. दारू अंतरानुसार कमी-अधिक भरतात, आणि दारूचे तापमान, नळीची झीज, हवेचा दाब व वारा यांच्या दुरुस्त्या गणितात घेतात. फोर्सिथ ज्या गोष्टींशी एकट्याने झगडला त्या येथे कोष्टकांत व यंत्रांत बसवलेल्या आहेत.

उघड्या शिशाची गोळी मात्र नाशिकमध्ये पूर्णपणे संपलेली नाही. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली स्थापन केलेल्या भोंसला सैनिकी शाळेसारख्या संस्थांत आणि एनसीसीच्या शिक्षणात ज्या .२२ रायफलीचा वापर होतो तिची गोळी आवरणाविना शिशाचीच असते, तिच्यावर मेणाचे पातळ वंगण असते आणि वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास ठेवलेला असतो. मंद वेग, मऊ धातू आणि नेमका मेळ हे जुने सूत्र लक्ष्यवेधाच्या खेळात असे जिवंत आहे. बंद जागेतील नेमबाजीत शिशाची धूळ श्वासावाटे जाते, त्यामुळे हवा खेळती ठेवणे आणि जेवणापूर्वी हात धुणे हे नियम तेथे काटेकोरपणे पाळले पाहिजेत.

शिशाच्या विषारीपणाचा दुसरा पुरावा जंगलातून आला. शिकारीत मेलेल्या जनावराच्या अवशेषांतील शिसे खाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे मरू लागली, म्हणून त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाचा दारूगोळा पूर्णपणे बंद केला. अंजनेरी आणि हरसूलजवळील खोरीपाडा या नाशिकच्या परिसरात ज्या गिधाडांना जपले जात आहे ती मात्र शिशाने नव्हे, तर गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने संपत आली, आणि जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झाले. कारणे वेगळी असली तरी मेलेल्या जनावराच्या अंगातील विष गिधाडापर्यंत पोहोचते ही गोष्ट दोन्हीकडे समान आहे. येवला तालुक्यातील ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात आज काळविटांचे कळप चरतात. काळवीट खरे तर कुरंगवर्गातील प्राणी असला तरी लोक त्याला हरीणच म्हणतात, आणि त्याच्यावर बंदूक रोखण्याचा हक्क आता कोणालाही नाही. ही बंदी योग्य आहे, आणि ओतीव गोळीच्या कसबाचे कौतुक करताना ती सैल व्हावी असे कोणी सुचवू नये.

कसबाची साधने मात्र जपली पाहिजेत. नाशिक व खानदेशातील जुन्या वाड्यांत गोळ्यांचे पितळी साचे, दारूची शिंगे, मापाच्या नळ्या आणि ठासणीचे गज अजूनही माळ्यावर पडलेले असण्याची शक्यता आहे, आणि भंगाराच्या भावाने गेलेला साचा परत मिळत नाही. अशी वस्तू ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती वितळवण्यास न देता तिचे छायाचित्र, माप आणि घराण्यातील तिची माहिती लिहून ठेवावी, बंदूक असल्यास परवान्याची बाब पोलिसांकडे आधी नियमित करावी, आणि साचे व साहित्य नाशिकच्या सरकारवाड्यातील पुरातत्त्व कार्यालयाच्या नजरेस आणून द्यावे.