वारसाचा हक्क आणि वारसाची नोंद

घरातील कर्ता पुरुष निवर्तला की त्याचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच वडीलधाऱ्यांचे लक्ष तलाठ्याच्या दप्तराकडे वळते, आणि सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मिळकतीचा निकाल लागला ही जी समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या रुजून बसली आहे, तिच्यापायी कित्येक विवाहित भगिनी, विधवा आणि वृद्ध माता आपल्या न्याय्य हिश्शाला मुकत आल्या आहेत. वस्तुतः वारसाचा हक्क दप्तरातून उद्भवत नाही. मृत्युपत्र न करता मनुष्य वारला की त्याच क्षणी त्याची मिळकत कायद्याने वारसांकडे जाते. फेरफार हा त्या घडून गेलेल्या गोष्टीची केवळ दखल घेतो.

हे वारस कोण, हे हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ठरविले आहे. एखाद्या गृहस्थामागे त्याची आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी असा परिवार असेल, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे पाच समान भाग होतात, आणि मुलीचा भाग भावांच्या भागाहून तसूभरही कमी नसतो. पुष्कळांना ठाऊक नसते ते हे की, आई पहिल्या वर्गातील वारस आहे, वडील मात्र नाहीत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क मिळण्यास फार विलंब लागला. हिंदू संहितेचे विधेयक रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्या सालच्या २२ जूनपूर्वी लग्न न झालेल्या मुलींपुरता हा हक्क मान्य केला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर सर्व मुलींना मिळाला. आणि त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले.

आता नोंदीविषयी. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्यावयाची, वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये, चौकशी होऊन वारस ठरावयाचे, मग फेरफार धरून चावडीवर नोटीस लागावयाची, हितसंबंधितांना कळवावयाचे, आणि पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची, असा हा क्रम आहे. यात खोट शिरते ती बहुधा वर्दीतच. थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, या शेऱ्यासह खातेदार म्हणून लागते, बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात जातात किंवा सांगितलीच जात नाहीत, आणि पुढच्या पिढीला तो शेरा दिसेनासा होऊन काकाच एकटा मालक वाटू लागतो. परंतु महसुली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानावयाची असते, आणि एका सहहिस्सेदाराचा कबजा हा सामान्यतः सर्वांच्याच वतीने असतो. त्यामुळे नाव गाळले गेले म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही.

तो बुडतो हक्कसोडपत्राने, आणि माझ्या मते खरे दुःख येथे आहे. स्थावर मिळकतीतील हिस्सा सोडावयाचा तर नोंदणीकृत दस्तच लागतो, तलाठ्यासमोरचा तोंडी जबाब पुरत नाही. म्हणून बाराव्या-तेराव्याला माहेरी आलेल्या बहिणीला परत निघण्यापूर्वीच दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेण्याची घाई होते, आणि हिस्सा मागितला तर माहेर तुटेल या एकाच भीतीने ती न वाचलेल्या कागदावर सही करते. जी स्वखुशीने, समजून-उमजून हक्क सोडते तिच्या औदार्याला नमस्कारच केला पाहिजे. पण ज्या सहीमागे शोक आणि धास्ती आहे तिला स्वखुशी म्हणणे मला मान्य नाही. सही करण्यापूर्वी निदान मिळकतीची संपूर्ण यादी, कर्जाच्या तपशिलासह, तिच्या हाती द्यावी. मयताच्या कर्जाचा बोजा वारसावर त्याला मिळालेल्या मिळकतीपुरताच येतो, हे न सांगता कर्जाचा बागुलबुवा दाखवून सही घेणे ही उघड फसवणूक आहे.

बँकेतील ठेव आणि कंपन्यांचे समभाग यांबाबतही अशीच गैरसमजूत आहे. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम उचलता येते, पण तेवढ्याने ती मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठेवींविषयी २०१० मध्ये व समभागांविषयी २०२३ मध्ये ठरविले आहे. मृत्युपत्राची गोष्ट निराळी: महाराष्ट्रातील हिंदू गृहस्थ आपली सारी स्वकष्टार्जित मिळकत हव्या त्याला देऊ शकतो, तर शेजारच्या गोव्यात, पोर्तुगीज अमदानीतून चालत आलेल्या व्यवस्थेमुळे, अपत्ये असताना निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखूनच ठेवावी लागते.

एक बाब तर वकिलाकडे जाणारेही विसरतात. बापाच्या इस्टेटीतील हक्क सोडणाऱ्या मुलीने आईच्या वाट्याचा हक्क त्याच दस्ताने सोडलेला नसतो. वरच्या उदाहरणातील विधवेला मिळालेला पाचवा हिस्सा हा सर्वस्वी तिच्या मालकीचा. ती मृत्युपत्र न करता वारली, तर तो तिच्या मुलग्यांना आणि मुलीला सारखाच जातो, आणि तीन महिन्यांच्या आत द्यावयाच्या त्या नव्या वर्दीत मुलीचे नाव घातलेच पाहिजे.