थंडींतील कूलिंग टॉवर व त्याची निगा

पौषांतील पहाटे डोंबिवलीच्या किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीजवळून जाणाऱ्या शेतकऱ्यास कांहीं कारखान्यांवर पांढरे लोट दिसतात. सगळाच धूर समजून त्यास पिकाची काळजी वाटणें साहजिक आहे. परंतु कूलिंग टॉवरवरील लोट वाफेचा असतो. आपल्यापैकीं जे मोठें शीतगृह काढूं इच्छितात, त्यांसही हें यंत्र बहुधा लागेल. म्हणून त्याच्या थंडींतील निगेचा विचार आम्ही येथें करीत आहों.

ह्या यंत्राचें तत्त्व घरच्या माठाचेंच आहे. यंत्रांची उष्णता घेऊन आलेलें पाणी वरून जाळीच्या थरांवर सोडतात व पंख्यानें त्यांतून हवा खेळवितात. थोडें पाणी वाफ होऊन जातें व जातांना बाकीच्याची उष्णता नेतें. शंभर लिटरांपैकीं एक लिटर पाण्याची वाफ झाली, तर उरलेलें सुमारें 6 अंशांनीं निवतें. थंड हवेंत ही वाफ लगेच दाटून पांढरी दिसते. उन्हाळ्यांत ती बहुधा दिसत नाहीं, इतकेंच.

काश्मीरसारख्या प्रदेशांत जाळीवर बर्फ सांचून तिच्या भारानें ती मोडण्याचें भय असतें. तेथें पंखा मंद किंवा बंद करितात, पण पाण्याची धार बारीक होऊं देत नाहींत. कारण बारीक धार आधीं गोठते. यंत्र थांबवावयाचें असल्यास हौद व नळ रिते करितात.

ठाणें-कल्याणकडे पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ वर राहतो. येथें बर्फाचें भय नाहीं. भय आहे तें सांचलेल्या पाण्याचें. थंडींत काम हलकें झालें कीं एखादा टॉवर बंद पडून राहतो. हौदांतील कोमट पाण्यांत शेवाळ धरतें व लीजिओनेला नांवाचे जंतु वाढतात. 20 ते 45 अंशांचें पाणी त्यांस मानवतें. त्यांचे तुषार श्वासावाटे गेल्यास न्यूमोनिया होतो. 1976 सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें एका मेळाव्यास आलेले अनेक लोक ह्या रोगानें दगावले, तेव्हां हा जंतु प्रथम ओळखला गेला.

तेव्हां पुढील गोष्टी सांभाळाव्या. थंडींत पंख्याचा वेग कमी करावा, वीजही वांचते. बंद टॉवरचा हौद रिता करावा, आणि पुन्हां सुरू करण्यापूर्वीं तो धुवून जंतुनाशक द्यावें. आंत उतरण्यापूर्वीं पंख्याची वीज तोडून कुलूप लावावें, व नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी. वाफेबरोबर थेंब उडूं नयेत म्हणून वरची थेंबरोधक जाळी शाबूत ठेवावी. पाण्याची वाफ होतां होतां मागें क्षार दाटतात, म्हणून कांहीं पाणी वरचेवर सोडावें लागतें. मात्र तें औषधी पाणी शुद्ध केल्यावांचून नाल्यांत किंवा शेताच्या पाटांत सोडूं नये.

शेजारच्या शेतकऱ्यानेंही हीच खूण लक्षांत ठेवावी. लोट हवेंत विरून गेला तर चिंता नाहीं. पण जवळच्या पानांवर वरचेवर थेंब पडून पांढरे डाग राहूं लागले, तर थेंबरोधक जाळी बिघडली असण्याचा संभव आहे. अशा वेळीं कारखानदारास व प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावें. वाफेची भीति धरूं नये, पण थेंबांकडे डोळेझांकही करूं नये.